परदेशांत मनाचें दुखणें

परदेशीं निघालेल्या मुलाच्या पेटींत मेतकूट, लोणचें आणि सर्दीतापाच्या गोळ्या घालण्यास कोणतेंहि घर विसरत नाहीं. परंतु तेथें गेल्यावर मनच दुखणाईत पडलें तर काय करावें, हा विचार बहुधा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडांत आलों त्या पहिल्या हिवाळ्यांत दुपारीं चारलाच अंधार पडे. रात्रीं दोन वाजतां जाग येई, छाती धडधडे, तळहातांस घाम सुटे, आणि कारण म्हणून एकहि सांगतां येत नसे. एकत्र कुटुंबांत असा उतरलेला चेहरा प्रथम आजीच्या नजरेस पडतो. येथें तो पाहावयास भिंतींवांचून कोणी नव्हतें. रविवारच्या फोनवर ‘सर्व ठीक’ एवढेंच घरीं कळे.

पुण्याच्या एका स्नेह्यानें अल्प्राझोलामचें नांव सुचविलें. भारतांत ही गोळी २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचींत आहे. म्हणजे ती चिठ्ठीवांचून विकतां येत नाहीं व दुकानदारास तिची नोंद ठेवावी लागते. इंग्लंडांत तर सरकारी आरोग्यसेवेंतून ती दिलीच जात नाहीं, आणि १९७१ च्या कायद्यानें ती नियंत्रित द्रव्यांत मोडते. औषधविक्रेत्यानें हें सर्व शांतपणें समजावून वस्तींतील डॉक्टरांकडे नांव नोंदविण्यास सांगितलें. ही नोंदणी विनामूल्य असते.

डॉक्टरीणबाईंनीं आमची हकीकत न थांबवितां ऐकली, आणि आत्यानें धाडलेल्या अश्वगंधेचीहि आवर्जून चौकशी केली. कारण झोपेच्या औषधाबरोबर तिनें गुंगी वाढूं शकते. मग त्यांनीं सांगितलें कीं, १९६३ मध्यें बाजारांत आलेलें डायझेपाम व त्याच्या कुळांतील गोळ्या लवकर शांतता देतात खऱ्या, परंतु शरीरास त्यांची सवय जडते. म्हणून त्या फार तर दोनचार आठवड्यांपुरत्या. दीर्घ काळच्या चिंतेस सर्ट्रालिनसारखें औषध योग्य. त्याचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात, प्रथम मळमळ होते, क्वचित् अस्वस्थता वाढतेहि; मात्र तें मनास येईल तेव्हां एकाएकीं सोडूं नये. जोडीस संभाषणाचा उपचार असतो, व त्यासाठीं इंग्लंडांत डॉक्टरांच्या शिफारशीचीहि गरज नसते.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत आम्हांस कांहींच फरक जाणवला नाहीं. पांचव्या आठवड्यांत एके रात्रीं सलग सहा तास झोप लागली. त्या रविवारीं आम्हीं घरीं सर्व सांगितलें. वडील बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “लोकांना काय सांगायचें?” तोंच मागून आजीचा आवाज आला, “माझ्या रक्तदाबाच्या गोळीचें लोकांना काय सांगतां? तेंच सांगा.”

आमच्या वाचकांस विनंती इतकीच. पूर्वींपासून असें औषध चालू असेल, तर मूळ चिठ्ठी व औषधाचें शास्त्रीय नांव बरोबर असावें, आणि त्या देशाचा नियम निघण्यापूर्वींच विचारून घ्यावा. संयुक्त अरब अमिरातींसारख्या ठिकाणीं अशा गोळ्या नेण्यास आगाऊ परवानगी लागते. आणि फोनवर ‘जेवलास का?’ असें विचारतांना ‘झोप लागते का?’ हेंहि विचारीत जावें. उत्तर येण्यास उशीर लागला, तर फोन लगेच ठेवूं नये.