मावशीचा कळफलक

गोव्यातल्या शाळांत तंत्रज्ञान कधी आलं असं विचारलं, की बहुतेक जण सायबरएज योजनेचं नाव घेतात. २००२ साली ही सरकारी योजना सुरू झाली आणि उच्च माध्यमिकच्या मुलांच्या घरी नाममात्र किमतीत संगणक पोचले. पुढे प्रोजेक्टर आले, टॅब आले. किती यंत्रं वाटली याचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. शिक्षकाने त्या यंत्राशी कसं जुळवून घेतलं, याची नोंद मात्र कुठे होत नाही.

माझी मावशी सत्तरी तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत बाई होती. एक खोली, चार इयत्ता. घरी कोकणी बोलणारी मुलं तिच्या हाताखाली मराठी लिहाय-वाचायला शिकली. तिचं अक्षर मोत्यासारखं. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर प्रश्नपत्रिका कोरायची असली की आजूबाजूच्या शाळाही तिलाच निरोप धाडत. लेखणीचा दाब जास्त झाला तर कागद फाटायचा, कमी पडला तर शाई उतरायची नाही. ते कसब तिच्या बोटांत होतं.

मग टाइप केलेली प्रश्नपत्रिका हवी असा आग्रह सुरू झाला. मावशी वाळपईला डीटीपीवाल्याकडे खेपा घालू लागली. तिथली फाइल शाळेच्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! त्याच्याकडचा फॉन्ट शाळेत नव्हता, एवढंच त्याचं कारण. पण मावशीला वाटायचं, आपल्या भाषेला या पेटीत जागाच नाही. प्रशिक्षणातही सगळ्या सूचना इंग्रजी. इतर शाळांना अक्षर पुरवणारी बाई तिथे मागच्या बाकावर गप्प बसून असायची.

गाडं फिरलं ते युनिकोड आणि इनस्क्रिप्टमुळे. इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’, ‘ल’च्या कळीवर ‘ळ’. जोडाक्षर हवं तर पहिल्या अक्षराचा पाय मोडायचा आणि दुसरं लिहायचं. शेजारच्या मुलाने एवढं दाखवल्यावर मावशी म्हणाली, ‘अरे, ही तर आमची वर्णमालाच!’ पंधरा दिवसांत तिचा हात बसला. इंग्रजी अक्षरांतून मराठी शोधणारी तरुण मंडळी ‘ण’ आणि ‘ळ’पाशी अडखळत असताना ती सरळ लिहीत होती. वीस वर्षं फळ्यावर जे शिकवलं, तेच तिच्या उपयोगी पडलं.

२०२० साली शाळा बंद झाल्या. गोव्यातल्या कितीतरी गावांत रेंजसाठी मुलांना डोंगर चढावा लागला. मावशीच्या शाळेतली मुलं तर लहान, आणि घरात मोबाइल एकच, तोही बापाबरोबर कामाला जाणारा. थेट वर्ग भरवणं अशक्यच होतं. ती रोज चार-पाच मिनिटांचा धडा आपल्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवायची. संध्याकाळी बाप घरी आला की तो धडा लागायचा. मुलांबरोबर आयाही ऐकायच्या, आणि एकदोघींनी आपल्याच आवाजात वाचून ‘बरोबर आहे का, बाई?’ असं विचारलं. अक्षरओळख अर्धवट सुटलेल्या त्या बाया होत्या. मावशीला झालेला आनंद फोनवरूनही कळत होता.

सगळंच गोड झालं असं नाही. फोनवरून तिला मुलाचा हात धरून ‘श्री’ गिरवून घेता आला नाही, आणि कोण नुसता ‘हो बाई’ म्हणतोय ते डोळ्यांत बघून ओळखता आलं नाही. शाळा उघडल्यावर तिसरीच्या मुलांना पुन्हा बाराखडीपासून धरावं लागलं.

जुने शिक्षक बदलायला तयार नसतात, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. नवं यंत्र आपल्याला आधीच येत असलेल्या गोष्टींपासून तोडतं की त्यांच्याशी जोडतं, एवढंच शिक्षक बघतो. तोडत असेल तर तो अंग चोरतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं? प्रशिक्षण देणाऱ्याने पहिल्या दिवशी संगणक सुरू करण्याआधी समोरच्या बाईंना एवढं जरी विचारलं, ‘तुम्ही हे आजवर कसं शिकवत होता?’, तरी निम्मं काम होईल.