उलुरूपासून वीस किलोमीटर

अ‍ॅलिस स्प्रिंग्सहून उलुरू हा ऑस्ट्रेलियातला प्रचंड खडक साडेचारशे किलोमीटर. स्टुअर्ट हायवेने दक्षिणेला अर्लडंडापर्यंत यायचं आणि तिथून लॅसिटर हायवेवर पश्चिमेला वळायचं. पुढे डाव्या हाताला सपाट माथ्याचा माउंट कॉनर दिसतो आणि कित्येक जण त्यालाच उलुरू समजून फोटो काढत बसतात. खरा उलुरू अजून बराच पुढे असतो आणि मुक्कामाची जागा त्याच्याही अलीकडे, युलारा गावात. तिथल्या कॅम्पग्राउंडवर तंबूसाठी जागा आहे, कॅराव्हॅनला वीज आहे, सामायिक स्वयंपाकघर, पोहण्याचा तलाव आणि मुलांना खेळायला मैदान आहे. तरी एक तक्रार ऐकू येते: एवढं वाळवंट तुडवून यायचं आणि राहायचं मात्र खडकापासून वीस किलोमीटरवर? माझ्या मते लेकराबाळांसह जाणाऱ्यांनी हा तळ निवडावा तो या अंतरासाठीच.

हे अंतर पूर्वी नव्हतं. 1873 मध्ये विल्यम गॉसने हा खडक पाहून त्याला एअर्स रॉक हे नाव दिलं. इथल्या मूळ अनांगू लोकांचा उलुरू तर हजारो वर्षांपासून तिथे होताच. 1958 मध्ये आदिवासींसाठी राखलेल्या प्रदेशातून ही जमीन वेगळी काढून पर्यटनासाठी खुली करण्यात आली, आणि मोटेल, तंबूंचे तळ, विमानांची धावपट्टी असं सगळं थेट पायथ्याशी आलं. ज्या पाणवठ्यांवर माणसं आणि जनावरं जगत आली, ज्या जागा अनांगूंना पवित्र, त्यांच्या शेजारीच वर्दळ सुरू झाली. इथली जमीन घाव लवकर भरून काढत नाही. डेझर्ट ओकचं रोप पाहिलं की हे कळतं. कोवळेपणी ते काठीसारखं सरळ, फांद्या अंगाशी आवळून उभं असतं. मूळ खोलवरच्या पाण्यापर्यंत पोहोचलं की मगच ते घेर धरतं, आणि त्याला वर्षानुवर्षं लागतात. अशा मातीवर रोज गाड्या फिरवून चालत नाही.

याच पायथ्याच्या तळावरून 17 ऑगस्ट 1980 च्या रात्री अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी तंबूतून नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे रानकुत्र्याने नेली, असं आई सांगत राहिली. 1982 मध्ये न्यायालयाने तिलाच खुनी ठरवलं. 1986 मध्ये मुलीचं जॅकेट खडकाजवळ सापडलं आणि आई सुटली. मृत्यू डिंगोमुळेच झाला, हा अधिकृत निष्कर्ष यायला मात्र 2012 उजाडलं. या घटनेमुळे तळ हलला, असं म्हणणं बरोबर नाही. हलवण्याचा विचार 1970 च्या दशकातच सुरू झाला होता आणि 1984 मध्ये युलारा उभं राहिलं. पण रानटी जनावरांच्या वाटेत माणसांची गर्दी आणि खाणं आणून ठेवण्याची जोखीम या प्रकरणाने जगाला दाखवली. मुलांना एकटं सोडू नका, खाणं उघड्यावर ठेवू नका, या सूचना म्हणूनच अक्षरशः पाळायच्या.

यावर कोणी म्हणेल, दूर राहून त्या जागेशी नातं जुळतं का? जुळतं. खडकाभोवतीची दहा किलोमीटरची पायवाट दिवसा खुली असते आणि मुलंही तिचे छोटे टप्पे चालू शकतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: युलारात सगळं महाग आहे आणि तळ हलवल्याने अनांगूंना न्याय मिळाला का? तेवढ्याने मिळाला नाही, हे मान्यच करायला हवं. 26 ऑक्टोबर 1985 ला जमिनीची मालकी त्यांच्याकडे परत आली, तीही 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला देण्याच्या अटीवर. खडकावर चढणं थांबायला आणखी 34 वर्षं गेली. पण मोटेलं पायथ्याशीच राहिली असती, तर अनांगूंनी मिळवलेल्या हक्काला जमिनीवर काय अर्थ उरला असता?

जायचंच तर मे ते सप्टेंबरमध्ये जा, आणि उबदार स्लीपिंग बॅग न्या; हिवाळ्यात रात्री पारा शून्याखालीही जातो. उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही, म्हणून अंधार पडण्यापूर्वी युलाराला परता. रात्री हायवेवर गाडी काढू नका, कांगारू, उंट आणि गुरं रस्त्यावर येतात.