पर्वताचे मूळ

ओल्या फडक्यात बांधून ठेवलेल्या मुगाला जे पांढरे टोक फुटते आणि ज्याला आपण मोड म्हणतो, ते वस्तुतः मूळ असते. पाने अद्याप दोन दलांत मिटलेली असतानाच त्याने भूमीची वाट धरलेली असते. त्याचे तोंड वर करून ठेवले तरी काही तासांत ते वळून अधोमुख होते, कारण टोकावरील टोपीसारख्या आवरणाच्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात आणि ते ज्या अंगाला जाऊन बसतात, ती दिशा मूळ आपली मानते.

गणितातले मूळ असे उपटून हातात घेता येत नाही. पंचविसाचे मूळ पाच हे शाळकरी पोरही सांगेल, परंतु दोनाचे मूळ काढू जावे तर दशांशस्थळांची रांग कोठेच संपत नाही. अशा मुळांना आपल्या पूर्वसूरींनी करणी हे स्वतंत्र नाव दिले. ऋण राशीला तर मूळच नाही, कारण ती वर्ग नव्हे, असा निवाडा भास्कराचार्यांनी बीजगणितात दिला, आणि त्या काळी ज्ञात असलेल्या संख्यांच्या मुलखात तो यथार्थच होता.

पण माझे मन खरे रमते ते पर्वतांच्या मुळांपाशी. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या सरकारी मोजणीत, हिमालयाच्या बाजूचे कलियाना आणि सिरोंजजवळचे कल्याणपूर या दोन ठाण्यांमधले अक्षांशांचे अंतर जमिनीवरच्या मापाने एक आले व ओळंब्याला धरून घेतलेल्या ताऱ्यांच्या वेधाने दुसरे, तफावत ५.२३६ विकलांची. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, हे कारण समजण्याजोगे होते. परंतु कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी हिशेब मांडला तेव्हा ती तफावत १५.८८५ विकला यावयास हवी होती. एवढा प्रचंड गिरिराज, आणि त्याची ओढ अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच! १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी उलगडा सुचविला: पाण्यावरच्या ओंडक्यांपैकी जो अधिक वर दिसतो तो खालीही अधिक बुडालेला असतो, तद्वत हिमालयाखाली हलक्या खडकाचे मूळ जड थरात खोल उतरलेले असले पाहिजे. ओळंब्याच्या लवमात्र कलण्यावरून, कोणी कधी न पाहिलेल्या त्या अगाध मुळाचा ठाव लावणाऱ्या बुद्धीपुढे मी नतमस्तक होतो. पुढे भूकंपलहरींनीही साक्ष दिली: जेथे खंडांचे कवच सामान्यतः पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड, तेथे तिबेटाखाली ते सुमारे सत्तर भरते.

आणि हे मूळ स्थिर नाही. गंगा-ब्रह्मपुत्रा हिमालयाचा गाळ बंगालच्या उपसागरात नेऊन टाकतात, माथ्यावरचा भार तेवढा उतरतो, आणि खालचे मूळ कणाकणाने वर उचलले जाऊन झिजलेल्या उंचीचा बराचसा भाग पर्वताला परत देते.