मेणाच्या ट्रेतला बेडूक

भाची मोबाइलवर बेडकाच्या हृदयाचा व्हिडिओ मागेपुढे करत बसलीय. आधी दोन कर्णिका आकसतात, मग खालची एकुलती एक जवनिका. दहादा पाहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. आमच्या वेळी मेणाच्या ट्रेत टाचण्यांनी ताणलेला बेडूक असायचा आणि क्लोरोफॉर्मचा उग्र वास. कुणाची कात्री जरा खोल गेली की रक्तात सगळं बुडायचं, अन् दुसरा बेडूक यायचा.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं, 2014 मध्ये बंदच केलं. पण पुस्तकं, प्रतिकृती, चित्रपट यांनी भागत असेल तर महाविद्यालयांत प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच होतं! मधल्या पन्नास वर्षांचा मला राग येतो.

पडद्यावर हाताला ऊतीचा ताण कळत नाही, हे खरं. तो भावी सर्जनांनी देहदानातून मिळालेल्या देहांवर शिकावा. तिथे संमती तरी असते.

पाऊस उघडला की भाचीला कोपरच्या खाडीकडे नेणार आहे. श्वास घेताना बेडकाचा गळा कसा हलतो, ते ट्रेत कधीच दिसलं नाही.