मिस्त्रींचं देणं

पोयनाडच्या पुढच्या खारेपाटात आमच्याकडे एक मिस्त्री होते. हयात गेली मचव्यांच्या इंजिनांवर. ट्रॅक्टरचं काम ते अडल्यानडल्यालाच घेत. आमची शेती टिकली त्यात त्यांचा वाटा किती मोठा, हे त्यांच्या हयातीत मी पुरेसं बोललो नाही; म्हणून हे लिहितो आहे.

आमचा ट्रॅक्टर एचएमटी २५११. एचएमटीने १९७१ साली झेक झेटरच्या सहकार्याने पिंजोरला ट्रॅक्टर बांधायला घेतले, त्या घराण्यातला. दोन सिलिंडर, पंचवीस अश्वशक्ती. वडिलांनी तो जुनाच घेतला होता. मृग तोंडावर आला, चिखलणीसाठी केजव्हील बाहेर काढले, आणि ऑइलची पट्टी ओढली तर पातळी वर चढलेली, ऑइल दुधाळ चहासारखं. रेडिएटर मात्र रोज रिकामा होत होता. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने उभ्याउभ्या सांगून टाकलं, "ब्लॉक फुटलाय, भंगारात द्या." वडील रात्रभर जागे होते.

मिस्त्री आले, त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, "पानी कुठचं घालतास?" मी म्हटलं, विहिरीचं. ते विहिरीवर गेले, ओंजळीने चव घेतली आणि काही न बोलता परतले. उन्हाळ्यात आमच्या विहिरींना खाडीचा खार चढतो.

मग त्यांनी मला शेजारी बसवलं. ऑइलच्या टोपणाखाली पांढरट साय दिसली की लगेच घाबरायचं नाही, म्हणाले. दमट हवेत थोडाच वेळ चालणाऱ्या इंजिनात दवानेही ती धरते. खरं सांगते ती पट्टी. पट्टीवरचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाकायला लावला. तडतडला; पाणी नक्की. सायलेन्सरला पांढरा धूर नव्हता. गाडी रेस केली तरी रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नव्हते. म्हणजे हेड गॅस्केटवरचा संशय कमी झाला, सुटला नाही. "आज बंद ठेव," एवढं सांगून ते घरी गेले.

सकाळी त्यांनी ऑइलच्या चेंबरचा नट हळूहळू सैल केला. आधी स्वच्छ पाणी आलं, मागून काळं ऑइल. रात्रभर उभ्या इंजिनात ऑइलपेक्षा जड असलेलं पाणी तळाशी बसतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते बोटांवरून वाहिलं. मग चेंबर उतरवून खाली कोरडी वर्तमानपत्रं पसरली. रेडिएटर काठोकाठ भरून सायकलच्या पंपाने बेताचाच दाब दिला. "जोर लावलास तर धडधाकट जागापन फुटंल," म्हणाले. आणि आम्ही वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने दुसऱ्या सिलिंडरच्या लायनरच्या बुडाशी एक थेंब जमला, लोंबला, कागदावर पडला. वरून ओघळ नव्हता, ब्लॉकला तडा नव्हता. लायनरच्या बाहेरून पाणी खेळतं. ते खाली उतरू नये म्हणून बसवलेल्या रबराच्या कड्या कडक होऊन गेल्या होत्या, आणि त्यांची बैठक खाऱ्या पाण्याने खड्डे पडून खडबडीत झाली होती.

लायनर, कड्या पनवेलहून आणल्या. बैठक त्यांनी बारीक पॉलिश कागदाने घासली, बोटाच्या पेराने पुन्हा पुन्हा चाचपली. क्रँकचे बेअरिंगही उघडून पाहिले, कारण पाणी मिसळलेलं ऑइल धातूला धातूपासून वेगळं ठेवत नाही. नवं ऑइल थोडे तास चालवून तेही काढून टाकायला लावलं. महागाचं ऑइल ओतून देताना जीव तुटत होता, पण आत चिकटलेला गाळ तेवढ्यानेच निघतो.

मजुरी त्यांनी लायनर बसवण्याची घेतली. शोधण्यात गेलेल्या वेळाचे पैसे वडिलांनी पुढे केले, तर हात मागे घेतला. "शोधायचं कसलं पैसं? ता माज्या समाधानासाठी," एवढंच म्हणाले.

त्या वर्षी आमची लावणी वेळेत झाली. रेडिएटरला पागोळ्यांचं साठवलेलं पाणी घालायची पद्धत घरात तेव्हापासून पडली. पुढे कूलंट आलं. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ साली बंद करायचं ठरलं, तरी आमचं यंत्र चिखलणीला उतरतंच. गावात कोणाचं ऑइल दुधाळ झालं की माणसं माझ्याकडे येतात. मी आधी त्यांची विहीर विचारतो, आणि पैसे घेत नाही.