काय लिहून ठेवायचं
काल रात्री रॅबिटएमक्यूच्या, म्हणजे प्रणालींमधले संदेश पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सर्व्हरची डिस्क भरत आली. डीबग पातळीच्या, म्हणजे बारीकसारीक तपशिलाच्या, नोंदीही त्याच डिस्कवर साठत होत्या. मोकळी जागा ठरावीक मर्यादेखाली गेली की रॅबिटएमक्यू नवे संदेश घेणंच थांबवतो. म्हणजे संदेशांवर लक्ष ठेवणाऱ्या नोंदींनीच त्यांची वाट अडवली असती. जागा मोकळी झाली, तरी झोप लागेना. नेमकं काय लिहून ठेवावं? संदेशाचा मजकूर तर नकोच. त्यात माणसांचे पत्ते, फोन नंबर असतात. ओळखक्रमांक मात्र हवा, रजिस्टर टपालाच्या पावतीसारखा: संदेश कुठून निघाला, कुणी घेतला, किती वेळा परत आला. नोंदींना वेगळी डिस्क, एरवी फक्त इशारे आणि त्रुटी, एवढं पटतं. पण जो संदेश मुकाट्याने हरवतो, त्याची त्रुटी कुठेच उमटत नाही. त्याच्यासाठी किती जास्तीचं लिहून ठेवावं, हे अजून ठरत नाही.