ओढा आणि त्याचे राखणदार

बेलवली, मांजर्ली, वालिवली ही गावं आता बदलापूर शहरात गेली. पूर आला की इथे उल्हास नदी आणि बारवी धरण यांच्याबद्दलच बोललं जातं. माझं म्हणणं असं, की सुरुवात डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांपासून करावी आणि ते राखायचा हक्क वरच्या अंगाच्या कातकरी-ठाकरांच्या वाड्यांना द्यावा. ओढा आटला तरी त्याच्या वाळूत झिरा खणून बाया हंडा भरतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्यातूनच भातखाचरांत चढतात, आणि वाडीत कालवण शिजतं. तळाला काँक्रीट ओतलं की पाणी मुरत नाही, झिरा लागत नाही. मध्ये उभी पायरी बांधली की मासा तिथेच अडतो.

शहर वाचवायचं तर ओढे सरळ आणि पक्के करायलाच हवेत, असं सांगितलं जातं. भीती खोटी नाही. 26 जुलै 2005 चा पूर कुणी विसरलेला नाही, आणि 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती. पण सरळ केलेला ओढा पाणी जिरवत नाही, ते घाईने खाली लोटतो. नदी आधीच फुगलेली असली तर ते आपल्याच दारात तुंबतं. दुसरा आक्षेप असा, की वाड्यांतलेच लोक वणवे लावतात, डोहात विष कालवून मासे मारतात. काही ठिकाणी तसं घडतं, हे मी नाकारत नाही. पण खैराचा कात काढून जगणाऱ्या कातकऱ्यांचं जंगल इंग्रजी अमलातल्या वनकायद्यांनी हिरावलं, आणि आज त्यांची कित्येक कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात. हक्कच नाही त्याने राखण का करावी? आणि राखण नसली की काय होतं, ते शेजारच्या वालधुनीत बघा. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराजवळून वाहणारी ही नदी कारखान्यांच्या नि घरांच्या सांडपाण्याने गटार झाली.

2006 चा वनहक्क कायदा मासेमारीवरचा सामूहिक हक्क मानतो आणि पाणलोट व जलस्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला देतो. वाड्यांनी हे दावे दाखल करावेत, नगरपालिकेने ओढ्यांचे काठ मोकळे ठेवावेत, आणि आपण बदलापूरकरांनी दाव्याची कागदपत्रं जुळवायला वाड्यांना हात द्यावा.